बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. मावशीच्या शेजारची मुलगी, भावाचा काटोलचा मित्र, मेट्रोत ओळख झालेली एक जण. सगळ्यांचं एकच: "ताई, तू फिलॉसॉफी घेतली होती न? कशी आहे?" दरवेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी नागपूरच्या एका कॉलेजात नुकतंच पहिलं वर्ष संपवलंय, त्यामुळे माझं ज्ञान एका वर्षाचं आहे. तेवढंच समजून वाचा.

तू हा विषय काहून घेतला?

खरं सांगू? जागा नव्हती म्हणून. मला मानसशास्त्र पाहिजे होतं. खिडकीपाशी पोचेपर्यंत त्याच्या जागा भरल्या. पलीकडून आवाज आला, "इतिहास आहे, गृहअर्थशास्त्र आहे, तत्त्वज्ञान आहे. लवकर सांगा, मागे लाइन आहे." इतिहासाच्या सनावळ्यांची मला धास्ती. गृहअर्थशास्त्र आई घरी फुकटात शिकवतेच, तेही शिव्यांसकट. उरलं तत्त्वज्ञान. नंतर कळलं की वर्गातले बहुतेक जण असेच आलेले होते. ठरवून आलेले तिघं-चौघं, आणि त्यातलाही एक यूपीएससीवाला.

म्हणजे गीता, अध्यात्म, प्रवचन असं काही असतं का?

माझ्या आजीलाही हेच वाटलं होतं. तिनं मला दोन महिने मैत्रिणींपुढे "कीर्तनाचं शिकते" म्हणून मिरवलं.

प्रवचनात सांगणारा सांगतो आणि आपण मान डोलावतो. या वर्गात मान डोलावली की मॅडम विचारतात, "कशाला हो म्हणालीस?" अभ्यासक्रमात भारतीय दर्शनं असतात, पाश्चात्त्य तत्त्वज्ञ असतात, थोडं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र असतं. कोणत्या सत्रात काय येतं ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाहा. ते बदलत राहतं.

पहिल्या दिवशी काय झालं?

मॅडम आल्या आणि हजेरीसुद्धा न घेता फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. सगळी संत्री नागपूरची असतात. हे संत्रं आहे. म्हणून हे नागपूरचं आहे. मग विचारलं, "बरोबर की चूक?"

सगळा वर्ग "चूक" म्हणाला. बर्डीच्या बाजारात हिवाळ्यात ढिगानं पंजाबकडचा किन्नू विकतात, तोही "नागपुरी, नागपुरी" ओरडत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच भानगडीपायी, की कोणीही कोणतंही फळ त्या नावानं विकू नये.

मॅडम म्हणाल्या, "चूक कुठे आहे? पहिल्या ओळीत की तिसऱ्या?" आम्ही गप्प. तासभर त्यातच गेला. पहिली ओळ खोटी आहे. पण ती खरी मानली तर तिसरी टाळता येत नाही. म्हणजे विधान खोटं असू शकतं आणि तरी युक्तिवाद वैध असू शकतो. विधान खरं की खोटं हे बाजारात जाऊन पाहायचं. युक्तिवाद वैध की अवैध हे ओळींच्या जोडणीत पाहायचं. मला हे इतकं साधं वाटलं की मी वहीत लिहिलंच नाही. सत्राच्या शेवटी नेमकं तेच विसरले.

तुला पहिल्या टेस्टमध्ये खरंच चार मार्क पडले?

वीसपैकी चार. ही गोष्ट कॉलेजभर कोणी पसरवली ते मला माहीत आहे.

प्रश्न होता: अनुमानावरील चार्वाकांचा आक्षेप स्पष्ट करा. अनुमान म्हणजे दिसतंय त्यावरून न दिसणारं ओळखणं. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात, डोळ्यांसमोर असेल तेच. मी अडीच पानं लिहिली. प्रत्यक्षच मानायचं तर पणजोबा होते हे कशावरून, पोटात जंतू असतात हे कशावरून, काल रात्री पाऊस पडला हे ओल्या रस्त्यावरून कळतं की नाही. जोशात लिहिलं, अक्षरही चांगलं आलं. पेपर परत आला तेव्हा खाली लाल शाईत एवढंच होतं: "तुझं मत कळलं. चार्वाक काय म्हणतो?"

मी तावातावानं स्टाफरूममध्ये गेले. मॅडमनी डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "तू ज्याला हरवलंस, तो तुझ्या पेपरात आहे कुठे? एक तरी वाक्य दाखव, जे वाचून चार्वाक म्हणेल, हो, हेच माझं म्हणणं." शोधलं. एक वाक्य नव्हतं.

मग त्यांनी पूर्वपक्ष समजावला. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांची रीतच अशी होती: आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला मान्य होईल अशा ताकदीनं, आणि मगच स्वतःचा उत्तरपक्ष. चार्वाकांचे स्वतःचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले. त्यांच्याबद्दल आज जे कळतं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह'मध्ये पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे, आणि माधवाचार्य स्वतः वेदान्ती. विरोधक टिंगलही करतात, पण आक्षेप उतरवून ठेवतात. मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांच्या हाती कारभार असता तर चार्वाक कधीच मेला असता."

तो पेपर मी तीनदा पुन्हा लिहिला. चार्वाकाचा खरा आक्षेप असा: धूर आहे तिथे अग्नी आहे, हे "जिथे जिथे" तू कशावरून म्हणतोस? तू पाहिलेल्या चुली शंभर असतील, हजार असतील. न पाहिलेल्या, होऊन गेलेल्या, पुढे पेटणाऱ्या चुलींचं काय? ते अनुमानानं कळतं म्हणशील, तर अनुमान खरं ठरवायला अनुमानच वापरलंस. आता यात पणजोबा आणून काय उपयोग? स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७४८ च्या पुस्तकात उद्या सूर्य उगवेल हे कशावरून, असं विचारतो तेव्हा तो जवळपास याच दाराशी उभा असतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी.

तिसऱ्या खेपेला मॅडमनी तेरा दिले. चौदावा का नाही हे विचारायची हिंमत झाली नाही.

धूर, अग्नी, पर्वत हे सगळं पाठ करावं लागतं का?

न्यायदर्शनातले पाच अवयव, म्हणजे अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या, पाठच करा, सुटका नाही: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा पर्वतही तसाच धुराचा. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. उलट बाजूचं उदाहरण म्हणून जुन्या ग्रंथांत तलाव येतो: तिथे अग्नी नाही, म्हणून धूरही नाही.

यावर आमच्या वर्गातल्या एकानं हात वर केला. डिसेंबर चालू होता. "मॅडम, मी सकाळी फुटाळ्यावरून येतो. तलावावर धूरच धूर असते."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धूर असतो की धुकं? आधी ते ठरव." आणि तिथून हेत्वाभास, म्हणजे खरे वाटणारे पण फसवे हेतू, सुरू झाले. हेतूच पक्का नसेल, वाफ आहे की धूर याचीच शंका असेल, तर पुढचे चारही अवयव कितीही सुबक असोत, अनुमान कोसळतं. यालाही जुनं नाव आहे, संदिग्धासिद्ध. कोराडीच्या वीजकेंद्राजवळून जाताना रुंद बुटक्या मनोऱ्यांतून पांढरे लोट निघताना दिसतात. लोक त्याला धूर म्हणतात. ती थंड करण्याच्या मनोऱ्यांतली वाफ असते. धूर निघतो तो उंच, बारीक चिमणीतून. त्या दिवसापासून कोराडीकडे मी परीक्षकासारखी पाहते.

आणि एक, नेहमी विचारलं जातं म्हणून: उलटं चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर आहेच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं लाकूड लागतं. हे उदाहरण लिहिलं की मार्क मिळतात.

संस्कृत यावं लागतं का?

नाही.

माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

आमच्या वर्गात अर्धे मराठीतून लिहिणारे, बाकी हिंदी आणि इंग्रजीतून. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दोन्ही मुलखांची राजधानी होतं, तो मिसळीचा वारसा वर्गात अजून आहे. मॅडम एका वाक्यात तिन्ही भाषा वापरतात आणि कोणाला काही वाटत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. मराठी पुस्तकांतली पारिभाषिक मराठी इंग्रजीपेक्षा परकी वाटते. ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, आधारविधान. पहिले दोन महिने मला वाटायचं की मला मराठी येत नाही. यावर उपाय म्हणजे दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश', तीन खंड, १९७४ चा. मोठ्या ग्रंथालयात विचारा. मराठी विश्वकोश तर फुकटात ऑनलाइन वाचता येतो आणि त्यातल्या तत्त्वज्ञानावरच्या नोंदी बऱ्याच गाइडांपेक्षा स्वच्छ लिहिलेल्या आहेत. बर्डीवरची गाइडं घ्या, पण परीक्षेच्या आठ दिवस आधी. त्याआधी घेतली तर दुसरं काही वाचवत नाही, स्वानुभव.

पाश्चात्त्य भाग सोपा असतो म्हणतात, खरं का?

गोष्टी असतात म्हणून सोपा वाटतो. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या सुमारे पाचशे पंचांनी सॉक्रेटिसला दोषी ठरवलं, तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानत नाही म्हणून. त्यानं स्वतः एक ओळ लिहिली नाही. जे आहे ते प्लेटोनं आणि इतरांनी लिहिलेलं. "मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही" हे वाक्य त्याच्या नावावर स्टेटसला टाकतात, ते त्या शब्दांत प्लेटोत नाही. तो म्हणतो ते जरा बारीक आहे: मला जे माहीत नाही ते माहीत आहे असं मी समजत नाही. दोन्हींत फरक काय, यावर आमचा अख्खा तास गेला.

देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ मला मात्र वर्गात कळला नाही, घरी कळला. १६४१ च्या 'चिंतनां'त तो शेगडीजवळ बसून विचारतो की मी जागा आहे हे कशावरून, स्वप्नातही मी असाच शेगडीजवळ बसलेला असतो. आपल्याला शेगडीचं कौतुक काय? पण सत्र संपून सुट्या लागल्या, मे महिना आला, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला. दुपारी जेवून कूलरसमोर झोपले. जाग आली तेव्हा खोलीत अंधार, वाळ्याच्या ताट्यांचा वास, कूलरची घरघर. सकाळ आहे की संध्याकाळ, कॉलेजला उशीर झाला की परीक्षा संपल्या, काही कळेना. दोन मिनिटं खरोखर कळेना. नागपूरकराला हा अनुभव नवा नाही. देकार्तनं त्या दोन मिनिटांतून उठायला नकार दिला, एवढंच.

परीक्षेसाठी टीप: "मी विचार करतो, म्हणून मी आहे" हे वाक्य त्याच्या १६३७ च्या पुस्तकातलं, फ्रेंचमध्ये. 'चिंतनां'त तो म्हणतो की "मी आहे" हे विधान मी जेव्हा जेव्हा करतो तेव्हा ते खरंच असतं. बहुतेक जण दोन्ही एकत्र कालवतात.

ट्रॉलीचा प्रश्न येतो का? पाच माणसं की एक?

येतो. न थांबणारी गाडी पाच माणसांवर चाललीय, रूळ बदलला तर एकच मरेल, मग काय करायचं? फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला. त्यांच्या मूळ मांडणीत निर्णय गाडी चालवणाऱ्याचा आहे, रूळ बदलायचा खटका ओढणारा बघ्या नंतर आला. आमच्या वर्गातलं एकमतानं मंजूर झालेलं उत्तर: "ओरडून सांगू न, सरका बे!" हे उत्तर परीक्षेत लिहू नका.

वर्गात बोलायची भीती वाटते.

मलाही वाटायची. यावर काही सांगण्यासारखं नाही. एकदा बोलून चुकलं की जाते.

देवावरचा विश्वास उडतो का?

हा प्रश्न मुलं कमी आणि त्यांच्या आया जास्त विचारतात.

माझा उडाला नाही, वाढलाही नाही. पण एक गोष्ट मात्र हलली. आस्तिक म्हणजे देव मानणारा आणि नास्तिक म्हणजे न मानणारा, हे मी लहानपणापासून धरून चाललेले. भारतीय दर्शनांत ही विभागणी वेदांवरून आहे: वेदांचं प्रामाण्य मानतो तो आस्तिक. त्यामुळे जुनं सांख्य आणि पूर्वमीमांसा जग निर्माण करणारा ईश्वर न मानताही आस्तिकच. मीमांसक तर यज्ञाचा एकेक बारकावा जपणारे, आणि सृष्टिकर्ता मात्र त्यांना नको! उलट नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या, उदयनानं ईश्वर सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे देव मानणाऱ्यालाही कारणं द्यावीच लागली.

हे मी आजीला सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "मग त्या यज्ञवाल्यांच्या इथे प्रसाद कोणाला दाखवत?" मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, आजीला वर्गात आण.

वर्गात जात-धर्म निघाला की भांडणं होतात का?

आवाज चढतात. एकदा शब्दप्रमाण चालू होतं. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो, त्याचं वचन ज्ञानाचं साधन. नैयायिक ते स्वतंत्र प्रमाण मानतात. दिङ्नागाच्या परंपरेतले बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान दोनच मानतात. एक मुलगा पटकन म्हणाला, "पण लाखो लोक बाबासाहेबांच्या शब्दावरच दीक्षाभूमीवर गेले न?" वर्ग एकदम शांत झाला.

माझी मैत्रीण मागच्या बाकावर बसते. तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दहा वर्षांची होती आणि आईचं बोट धरून तिथे गेली होती. मैत्रीण तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला. "मी आजीला विचारलं. ती म्हणे, शब्दावर गेलो खरं, पण तो शब्द पटला काहून? पाणी भरायला आमची वेगळी बाजू होती, ते मी रोज पाहत होती." मॅडमनी फळ्यावर शब्द, प्रत्यक्ष, अनुमान अशी तीन नावं लिहिली आणि म्हणाल्या, "आता सांगा, आजींचं कोणतं?" त्या मुलानंच उत्तर द्यायचं ठरलं, आणि त्याला आधी आजींचा पूर्वपक्ष मांडायला लावला. त्यानं नीट मांडला. आता ते दोघं एकाच गाडीवर येतात.

घरी याचा काही उपयोग होतो का?

बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. रात्री नऊनंतर गाडी घेऊन जायचं नाही हा त्यांचा नियम. मी वर्षभर त्यावर भांडले. मग म्हटलं, पद्धतीनं करू. जेवताना बाबांना म्हणाले, "तुमचं म्हणणं असं आहे न: तुम्हाला माझ्यावर भरवसा आहे, रस्त्यावर नाही. दुकानातून उठून यायला तुम्हाला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात काही झालं तर तुम्ही स्वतःला माफ करणार नाही." बाबांनी घास हातात धरून ठेवला. "एकदम बरोबर. हेच सांगून राहिलो मी वर्षभर."

मग मी माझा उत्तरपक्ष मांडला. त्यांनी पूर्ण ऐकला, पहिल्यांदाच. आणि नियम कायम ठेवला.

पुढे काय? नोकरी?

तत्त्वज्ञ पाहिजेत अशी जाहिरात मी पाहिलेली नाही. एम.ए., मग नेट, मग प्राध्यापकी हा एक रस्ता, लांबचा. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, २५० गुणांचे दोन पेपर. शिवाय सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, नीतिशास्त्राचा, २०१३ पासून सगळ्यांनाच आहे. आमच्या वर्गातला तो यूपीएससीवाला याच हिशोबानं आलेला. कायदा करायचा असेल तर तर्कशास्त्र उपयोगी पडतं असं सीनियर सांगतात. नातेवाईक विचारतात तेव्हा मी "कॉम्पिटिटिव्ह" म्हणते. लगेच विषय बदलतो.

एआयकडून असाइनमेंट लिहून घेतली तर चालते का?

आमच्याकडे एकानं घेतली. सुंदर होती. मॅडमनी फक्त विचारलं, "दुसऱ्या परिच्छेदातला आक्षेप तुझ्या शब्दांत सांग." तो अजून सांगतोय.

तुझ्या नोट्स मिळतील का?

मिळतील. संध्याकाळी शंकरनगर मेट्रो स्टेशनच्या खाली भेटा, झेरॉक्सचे पैसे तुमचे. फक्त पान १४ ते १९ वाचता येत नाहीत, तर्रीपोहे खाताना रस्सा सांडला. त्यावर उपमान होतं, आणि परीक्षेला नेमकं तेच आलं. थोडक्यात असं: गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो एवढंच तुम्ही ऐकलेलं; पुढे रानात गाईसारखा पण गाय नसलेला प्राणी समोर आला की कळतं, हाच गवय. मी ताडोब्याच्या गव्याचं उदाहरण दिलं होतं, मार्क मिळाले. बाकीचं मॅडमना विचारा, पण त्यांचा डबा संपल्यावर.